नळ येईपर्यंत माहेरी

निमखेडे, ता. धरणगाव
२ जुलै १९६८

सौ. मंजुळाबाई हिस अनेक आशीर्वाद. विशेष.

तू पिंपळनेरला निघून गेलीस त्याला आठवडा होऊन गेला. गावात मी असं सांगितलं आहे की, तुझ्या भावजयीची तब्येत बरी नाही म्हणून तुला जावं लागलं. तेव्हा इकडचं कोणी तिकडे आलंच, तर वहिनींना म्हणावं, जरा खोका.

झालं ते फार मनावर घेऊ नये. सभापती आले होते, मांडव भरला होता आणि मी माइकवर होतो. अशा वेळी सरपंच चार शब्द जास्तच बोलतो. 'आमच्या गावात पाण्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही' हे वाक्य मी आदल्या दिवशीच पाठ करून ठेवलं होतं. नेमकी त्याच घटकेला तू डोक्यावर दोन हंडे घेऊन मांडवामागून जाशील हे मला काय माहीत? तू आत शिरलीस, हंडे सभापतींच्या टेबलावर त्यांच्या हारापाशी ठेवलेस, 'हाई शे तक्रार' म्हणालीस आणि आपल्या लताचा हात धरून एसटीच्या रस्त्याला लागलीस. सभापतींनी मला हळूच विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, गावातलीच आहे एक.

असो. घरी पाण्याची सोय उत्तम झाली आहे. माझी काळजी करू नये. राग उतरला की यावं. लताला गोड पापा.

तुझा,
अभिमन भिला सोनवणे
सरपंच, निमखेडे

*

पिंपळनेर
८ जुलै १९६८

निमखेडे ग्रामपंचायतीचे सरपंच यांस गावातल्याच एका बाईचा नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव झुलालभाऊनं लिहिलं आहे. मी अजून नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढा मान ठेवते. वहिनी ठणठणीत आहेत आणि खोकायला तयार नाहीत.

राग उतरायला तो चढलेला नाही. लग्नाला दहा वर्षं झाली. दहा वर्षं मी मिश्रीलालशेठच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणते आहे. जाताना चढ, रिकाम्या हंड्यानं. येताना उतार, भरल्या हंड्यानं. पावसाळ्यात त्या उतारावर पाय कसा घसरतो ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही त्या वाटेनं फक्त मिश्रीलालशेठकडे चहा प्यायला जाता. तुमच्या त्या वाक्याचं मला एवढं लागलं नसतं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकही पाणी भरणारी नव्हती.

नळाचे पाइप तीन वर्षं तालुक्याला पडून आहेत. शेठ विहीर द्यायला तयार, इंजिन द्यायला तयार. सरकारची अट एकच, विहिरीपासून गावापर्यंत चर गावानं खणायचा. पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात कपाशीची वेचणी आहे. दुसऱ्या वर्षी लग्नसराई. तिसऱ्या वर्षी तर कारणसुद्धा दिलं नाही. बाप्यांना वेळ नाही एवढंच.

म्हणून सांगते, नळ येईल त्या दिवशी मी येईन. तोवर इथं बरी आहे. झुलालभाऊच्या परसात आड आहे.

आणि पाण्याची उत्तम सोय झाली म्हणजे काय झालं? कोण आणतं?

मंजुळा

*

निमखेडे
१५ जुलै १९६८

सौ. मंजुळाबाई हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चावडीवर उघडलं ही चूक झाली. पुढच्या पाकिटावर 'खाजगी' लिहायला सांगावं. पाणी आपला सालदार चिंधा आणतो. बिचारा तक्रार करत नाही.

आता आनंदाची बातमी. जिल्ह्यानं स्वच्छ गावाची स्पर्धा काढली आहे. तालुक्यात जे गाव पहिलं येईल त्याला नळ लगेच, आणि चर खणण्यापासून तोटी बसवण्यापर्यंत सगळं काम खात्याकडून. म्हणजे आपल्याला कुदळीला हात लावायला नको. तू म्हणशील की गाव स्वच्छ कोण करणार. ऐक. तपासणीची तारीख गावानं कळवायची आहे. मी श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार कळवला. कानबाई बसायची म्हणून घरोघर सारवण होतं, भिंतींना चुना लागतो, भांडी घासून निघतात, दारापुढे झाडलेलं असतं. गाव त्या दिवशी जेवढं स्वच्छ असतं तेवढं वर्षभरात कधीच नसतं. कोणालाही सांगावं लागणार नाही, बोलावं लागणार नाही, आणि साहेबाला वाटेल आपण रोज असेच राहतो. ही युक्ती मिश्रीलालला सांगितली तर तो उठून उभा राहिला.

तेव्हा कानबाईला तू यावंस. घरच्या सुनेवाचून कानबाई कशी बसेल? रोट कोण करील? भिकुअक्का भाऊबंदांत सगळ्यात थोरली, पण तिचं वय झालं, ती पिठाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघते. नळ आलाच असं धरून चाल.

अभिमन

*

पिंपळनेर
२४ जुलै १९६८

खाजगी
सरपंचांस नमस्कार.

तुमचा चिंधा दोन आठवड्यांपासून इथं त्याच्या बहिणीकडे आला आहे. काल बाजारात झुलालभाऊला भेटला. म्हणाला, मालकांनीच सांगितलं, बिनघोर जा.

शिवाय शेठच्या आई धापूबाई यांचं पोस्टकार्ड आलं. त्या लिहितात, तुझा धनी रोज पहाटे शेणखताची गाडी जुंपतो आणि आमच्या विहिरीकडे नेतो. आषाढात शेणखत कोण वाहतो म्हणून त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी खिडकीतून पाहिलं. गोणपाटाखाली पिंप. तुम्ही रहाटानं पाणी ओढून पिंपात भरत होतात आणि वर शेणखताच्या दोन पाट्या पसरत होतात. येताना चावडीपाशी भिकुअक्कांनी गाडी अडवली, गोणपाट उचललं आणि चार लोकांसमोर विचारलं, "अभिमन, शेणखतले पाणी कधीपासून सुटनं रे?" हे सगळं खरं का?

मी वाचून इतकी हसले की वहिनी धावत आल्या. मग रात्री थोडं वाईट वाटलं. तुमची कंबर धरते, हे मला माहीत आहे. रहाट दोन्ही हातांनी ओढावा, एका हातानं नाही. पण सरपंचानं पाणी भरलं तर त्याची लाज कसली वाटते, तेवढं मला समजलं नाही. मी भरते तेव्हा गोणपाट कोणी घालत नाही.

कानबाईला मी येणार नाही. तुमच्या युक्तीत एक विचारते. तो साहेब त्या दिवशी जेवणार कुठं?

मंजुळा

*

निमखेडे
७ ऑगस्ट १९६८

सौ. मंजुळाबाई हिस अनेक आशीर्वाद.

शेणखताविषयी मी काही लिहीत नाही. जे लिहायचं ते धापूबाईंनी लिहिलं आहेच.

जेवणाबद्दल तू विचारलंस ते मी वाचलं होतं. वाटलं, बायकांना जेवणापलीकडे सुचत नाही. आता जे झालं ते सांगतो, हसू नये.

सोमवारी सकाळी कानबाईचं विसर्जन करून आम्ही नदीवरून आलो तेव्हा साहेब सायकलवरून उतरत होते. वसंत नाशिककर नाव, वय तिशीच्या आतबाहेर, किडकिडीत, चष्मा. धरणगावाहून सायकल मारत आले होते, पोटात सकाळचा चहा. गाव पाहून खूश झाले. दर घराला टिक लावत गेले. बारा वाजले, एक वाजला. प्रत्येक घरातून पुरणाचा, खिरीचा, गंगाफळाच्या भाजीचा वास. साहेब दारात थांबायचे, वास घ्यायचे, टिक लावायचे. आणि एकही घर म्हणेना की या, बसा, दोन घास खा.

म्हणणार कसं? घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढून दळलेले, त्याचेच रोट. ते भाऊबंदांखेरीज कोणाच्या तोंडी जायचे नाहीत, आणि रोट संपेपर्यंत चुलीवर दुसरं काही चढायचं नाही, ही आपली रीत. मिश्रीलालचं एक घर सोडलं तर गाव बठ्ठं सोनवण्यांचं. मी साहेबांना मिश्रीलालकडे नेलं. तिथं चातुर्मास, धापूबाईंचा उपास, आणि सुनेनं सासूबरोबर उपास धरल्यामुळे चूल गार. त्यांनी साहेबांना उकळून गार केलेलं पाणी दिलं. साहेब ते दोन तांबे प्यायले.

अडीच वाजता साहेब पारावर बसले ते उठेनात. चेहरा पांढरा. भिकुअक्कानं पाहिलं आणि काठी टेकत त्यांच्यासमोर येऊन बसली.

"भाऊ, तुनं कुय काय शे?"

साहेब म्हणाले, "कूळ माहीत नाही, आजी."

"बापनं गाव?"

"तेही माहीत नाही. मी नाशिकच्या बोर्डिंगात वाढलो. आडनाव तिथल्यांनीच दिलं."

"हाई आडनाव नही, हाऊ पत्ता शे," अक्का म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "आपला दगाबापू दुष्काळमा घर सोडीसन गयथा, तो कोणकडे गयथा?"

कोणीतरी म्हणालं, नाशिककडे. खरं तर दगाबापू कुठं गेला हे आजतागायत कोणालाच कळलेलं नाही.

"मंग झायं," अक्का म्हणाली. "हाऊ दगाबापूना नातू. माहीत नही म्हणजे आपलाच शे."

एवढं बोलून तिनं आपल्या घरातून सव्वा मूठ पीठ आणवलं, साहेबांच्या नावानं मळलं, रोट भाजला आणि साहेबांना आमच्या पंगतीत माझ्या शेजारी बसवलं. साहेब चार रोट जेवले. मधेच चष्मा काढून पुसला. मला वाटलं, धूर गेला असेल.

आता तूच सांग, भाऊबंद असलेला साहेब आपल्याला कमी मार्क देईल का? नळ आला म्हणून समज. पेटी भरायला घे.

अभिमन

*

पिंपळनेर
१२ ऑगस्ट १९६८

खाजगी
सरपंचांस नमस्कार.

पेटी भरली नाही. झुलालभाऊ मास्तर आहे. त्याच्या वर्गात स्वतःचा मुलगा परीक्षेला बसला तर त्याचा पेपर दुसऱ्या मास्तरांकडे तपासायला जातो. हे मी तुम्हाला का लिहिते आहे ते तुम्हाला थोड्याच दिवसांत कळेल.

इथली कानबाई सांगते. वहिनींनी गहू मोजले, भाऊच्या नावाचे, त्याच्या मुलांच्या नावाचे. मी जात्यावर हात लावायला गेले तर म्हणाल्या, राहू द्या ताई. सोमवारी घरात पंगत बसली आणि मला नि लताला ओसरीवर केळीच्या पानावर शेजारणीकडची भाकरी आणि पिठलं वाढलं. वहिनींचं चुकलं नाही. दिल्या घरची लेक, माहेरच्या रोटाला ती बाहेरचीच. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ओसरीवर बसणं वेगळं. लतानं विचारलं, आई, आपण पाव्हणे का? मला रडू आलं.

म्हणजे त्या दिवशी तुमचे साहेब पारावर आणि मी ओसरीवर, दोघं सारखेच. त्यांच्या नावाचं पीठ अक्कांनी मळलं, फार चांगलं केलं. मी दहा वर्षं त्या घरात रोट लाटते आहे. माझ्या नावाची मूठ कधी काढली नाही कोणी. साहेबांना अर्ध्या दिवसात मिळाली.

एवढंच. राखी झाली. भाऊनं हिरवं लुगडं घेतलं.

मंजुळा

*

धरणगाव
१६ ऑगस्ट १९६८

श्री. अभिमन भिला सोनवणे, सरपंच, यांस,

स. न. वि. वि.

स्पर्धेच्या तक्त्यात शेवटी तपासणाऱ्याची एक ओळ असते, की या गावात माझे नातेवाईक नाहीत. ती ओळ मी खोडली आणि लिहिलं, 'आहेत.' त्यामुळे निमखेड्याची तपासणी रद्द झाली आणि दुसरी घ्यायला मुदत उरली नव्हती. पहिला नंबर दुसऱ्या गावाचा आला. तुमचं नुकसान झालं, त्याचं मला वाईट वाटतं.

दगाबापूंची गोष्ट खरी नसावी, हे मला जेवतानाच समजलं होतं. ते नाशिककडे गेले एवढ्यावरून मी त्यांचा नातू ठरत नाही. तरीसुद्धा 'नातेवाईक नाहीत' या ओळीखाली मला सही करता आली नाही. याआधी अशा कितीतरी तक्त्यांवर मी ती ओळ न वाचता सही केली आहे, आणि ती दर वेळी खरी होती.

आता तपासणारा म्हणून तुमच्या गावाला माझा काही उपयोग नाही. पण भाऊबंद म्हणून रविवारी सुट्टी असते. मला मोजणी येते. चराची आखणी करायला येऊ का? कुदळी तुमच्या.

आपला,
वसंत नाशिककर

ता. क. पुढच्या कानबाईला माझ्या नावाचे गहू काढायला आजींना आठवण करून द्यावी.

*

निमखेडे
२५ सप्टेंबर १९६८

सौ. मंजुळास,

पुष्कळ दिवसांनी लिहितो. लिहायला तोंड नव्हतं. वसंताचं पत्र सोबत पाठवलं आहे, वाच. तुला ते आधीच कळलं होतं.

गावात आधी माझी फार टर उडवली. तीनदा तर मी चावडीकडे गेलोच नाही. मग एके दिवशी तोंड लपवायचाच कंटाळा आला. शेणखत फेकून दिलं, गोणपाट काढलं आणि भर सकाळी उघड्या पिंपाची गाडी गावातून नेली. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारच्या कुंदाबाईनं आपला रिकामा हंडा नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सरपंचना बैल पाणी वाहतस, तुम्हना बैलस्ना पाय मोडनात का?" नवरा म्हणाला, गप बस. ती म्हणाली, "माले बी माहेर शे."

मंजुळा, हे वाक्य गावभर झालं. ताईबाईनं म्हटलं, सुनंदाबाईनं म्हटलं. भिकुअक्काचं माहेर उरलेलं नाही, नव्वदीच्या पुढची ती, पण तिनंही मुलांना म्हटलं. आठवड्याभरात विहिरीवर बैलगाड्यांची रांग लागली. सगळे बाप्ये रहाट ओढताहेत आणि बायका दारात उभ्या राहून सांगताहेत, पिंप हलवू नका, सांडतंय.

पंधरा दिवस गावच्या पुरुषांनी पाणी वाहिलं. आणि मग काय झालं ते ऐक. ज्यांना तीन वर्षं चर खणायला वेळ नव्हता, ते एका रविवारी आपण होऊन कुदळी घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं. मी भाषणसुद्धा केलं नाही. लग्नाआधीपासून माझ्याशी न बोलणारा चुलतभाऊ सगळ्यात पुढं. त्याला विचारलं, कपाशीचं काय? तो म्हणाला, खड्ड्यात गेली कपाशी, माझे खांदे सुजले.

वसंत दर रविवारी सायकलवरून येतो. दोरी धरतो, खुंट्या ठोकतो, जिथं तिथं जेवतो. लोक त्याला साहेब म्हणत नाहीत, नाशिकवाला म्हणतात. अक्कानं त्याच्यासाठी मुलगी बघायला सुरुवात केली आहे. मी म्हटलं, अगं, कूळ माहीत नसताना लग्न कसं जुळवणार? ती म्हणाली, तू सरपंचकी कर, हे माझ्यावर सोड.

चर अर्धा झाला. पाइप आले. दिवाळीपर्यंत पाणी यावं.

तुला आणखी एक लिहायचं आहे. तुझ्या नावाच्या मुठीचं अक्काला विचारलं. तिला वाटलं मी थट्टा करतो. मग काठी बाजूला ठेवली. म्हणाली, पाऊणशे वर्षं झाली रोट करते, हे मनात आलं होतं, पण कोणी विचारलं नाही. पुढच्या कानबाईला आपल्या घरी तुझी मूठ निघेल, अक्काची निघेल, लताचीही निघेल. भाऊबंदांपैकी दोघं कुरकुरले. त्यांची विहिरीवरची पाळी सध्या लांबवली आहे.

रहाट मी दोन्ही हातांनी ओढतो. मांडवात सभापतींनी विचारलं तेव्हा मी 'माझी बायको' म्हणायला हवं होतं. तुझ्यावाचून घर चांगलं लागत नाही. ये म्हणत नाही, कारण नळ अजून आलेला नाही. तुझा शब्द तू मोडावास असं मला वाटत नाही.

अभिमन

*

पिंपळनेर
२ ऑक्टोबर १९६८

खाजगी, पण चावडीवर वाचलं तरी चालेल.

श्री. अभिमनराव यांस,

नाव मी स्वतः लिहिलं आहे. झुलालभाऊ पाहतच राहिला.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा वहिनींना वाचून दाखवलं. वहिनी संध्याकाळी भाऊला म्हणाल्या, पुढच्या वर्षी आपल्याकडे माझ्या नावाचे गहूही मी मोजणार. इथंही आता काय होतं ते बघू.

मला इथं करमत नाही. आडाचं पाणी परसात आहे, हातात काही काम नाही आणि जीव तिकडे आहे. हे मी जुलैतच लिहिणार होते, पण मग तुम्ही सुधारला नसतात.

नळ आल्यावर येईन म्हणाले होते. तो शब्द मी मोडते आहे, कारण चर अर्धा झाला म्हणता म्हणजे आता तोटी कुठं बसवायची हे ठरेल. ते तुम्ही बाप्ये ठरवलंत तर ती चावडीसमोर बसेल, तिच्याभोवती ओटा होईल, ओट्यावर तुम्ही सगळे बसाल आणि आम्हाला पाणी भरायला पदर घेऊन तिथं यावं लागेल. मला तुमची सगळ्यांची सवय माहीत आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं मी येते आहे. तोवर वसंतभाऊंना सांगा, शेवटची खुंटी ठोकू नका.

मंजुळा